देशांच्या भूगोलावरचे असे प्रश्न सुचवा, ज्यांवर हरकत घेता येणार नाही

अक्षवृत्त
प्रश्नमंजुषेत भूगोलाची फेरी आली की वाद ठरलेला. सर्वांत लांब किनारा, सर्वाधिक बेटं, सर्वांत उंच डोंगर असलं काही विचारलं की उत्तर जाहीर होताच कोणीतरी हात वर करतं, आणि पंचाईत अशी की त्याचंही म्हणणं बरोबर असतं.

म्हणून हा धागा. देशांबद्दलच्या अशा गोष्टी सांगा ज्या ऐकताना पटत नाहीत, नकाशा उघडला की पटतात, आणि ज्यांचं उत्तर एकच निघतं. नुसती गंमत नको. असं का आणि कोणत्या अटीवर, हेही लिहा. दोन संघांची बरोबरी सुटतच नसेल तेव्हा विचारायला एक पक्का प्रश्न हवा आहे.

सुरुवात करतो. फ्रान्सची जमिनीवरची सर्वांत लांब सीमा कोणत्या देशाशी? उत्तर : ब्राझील. दक्षिण अमेरिकेतलं फ्रेंच गयाना १९४६ पासून फ्रान्सचा रीतसर प्रांत आहे. तिथली ब्राझीलची सीमा सुमारे ७३० किमी, तर इकडे स्पेनची ६२३.

पाणकावळा
रुमाल टाकून ठेवतो. सावकाश वाचेन.

उंटावरचा_शहाणा
पहिल्याच चेंडूवर अपील. फ्रान्स म्हणजे कोणता फ्रान्स? युरोपातला धरला तर उत्तर स्पेन. "समुद्रापलीकडचे प्रांत धरून" असं प्रश्नात घालावं लागेल, आणि ते घातलं की उत्तर निम्मं फुटलं.

रेघोटी
शहाणेबुवा, प्रांत धरायचे की नाही हा पर्यायच नाही. गयानात फ्रान्सचा कायदा, युरो चलन, संसदेत खासदार. "फ्रेंच प्रजासत्ताकाची" एवढा एक शब्द बदलला की काम भागतं.

त्याच जातीचा दुसरा प्रश्न : फ्रान्स आणि नेदरलँड्स यांच्यात जमिनीवरची सीमा आहे का? मध्ये बेल्जियम आहे म्हणून बहुतेक जण नाही म्हणतील. कॅरिबियनमधलं सेंट मार्टिन बेट या दोघांनी १६४८ मध्ये वाटून घेतलं, ती वाटणी अजून टिकून आहे. फक्त इथे "नेदरलँड्सचं राज्य" म्हणायचं, कारण बेटाचा दक्षिण भाग त्या राज्यातला वेगळा घटक देश आहे. नुसतं नेदरलँड्स लिहिलंत तर हरकत मान्य करावी लागेल.

माळरान
माझा आवडता : समुद्र गाठायला किमान दोन देश ओलांडावे लागतात असे देश किती? दोनच. लिक्टेनस्टाइन आणि उझबेकिस्तान. लिक्टेनस्टाइनचे शेजारी ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड, दोघांनाही किनारा नाही. उझबेकिस्तानचे पाच शेजारी : कझाकस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान. पाचही भूवेष्टित.

उंटावरचा_शहाणा
कझाकस्तान आणि तुर्कमेनिस्तान या दोघांनाही कॅस्पियनचा किनारा आहे. नावातच समुद्र. उझबेकिस्तान बाद!

माळरान
येणार हे माहीत होतं :) कॅस्पियनची पातळी महासागराच्या साधारण २८ मीटर खाली आहे आणि त्याला महासागराकडे नैसर्गिक वाट नाही. जहाजं बाहेर पडतात ती व्होल्गा-डॉन कालव्यातून. तो १९५२ चा, माणसाने खोदलेला आणि पूर्णपणे रशियाच्या हद्दीतला. किनारी पाच देशांनी २०१८ मध्ये करार केला, त्यातही कॅस्पियनला सरळ समुद्र किंवा सरळ तलाव न म्हणता वेगळीच कायदेशीर व्यवस्था ठरवली. तेव्हा प्रश्नात "समुद्र" ऐवजी "महासागराला जोडलेला किनारा" लिहा. हरकत संपली.

तिसरा_डोळा
किनारा आणि बेटं या दोन विषयांवर "सर्वांत" लावून प्रश्न विचारूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. लिहायला गेलं की मोठं होतं, पण लिहितोच.

किनाऱ्याची लांबी ही मोजपट्टीवर ठरते. १०० किमीच्या पट्टीने मोजलं तर लहान खाड्या सुटतात, १ किमीच्या पट्टीने त्या धरल्या जातात, १० मीटरला प्रत्येक खडक आला. पट्टी जितकी लहान तितकी लांबी वाढत जाते, आणि ती कुठल्या एका आकड्याकडे स्थिरावतही नाही. लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या हे लक्षात आलं ते देशांच्या सीमा तपासताना. स्पेन-पोर्तुगाल सीमा एका ठिकाणी ९८७ किमी दिलेली, दुसरीकडे १,२१४. कोणी खोटं बोलत नव्हतं, नकाशांची प्रमाणं वेगळी होती. पुढे १९६७ मध्ये गणितज्ञ मँडेलब्रोने याच मुद्द्यावर ब्रिटनच्या किनाऱ्याचं उदाहरण घेऊन गणित मांडलं.

आता नॉर्वे घ्या. मुख्य भूमीचा किनारा फ्योर्ड (आत घुसलेल्या लांब, अरुंद खाड्या) सोडून सुमारे २,६५० किमी, फ्योर्ड धरून २५ हजारांच्या वर, बेटांचे किनारे मिळवले की लाखाच्या आसपास. यातला कोणता आकडा कॅनडाच्या २,०२,०८० शी ताडून बघायचा? दोन्ही एकाच प्रमाणाच्या नकाशावरून काढलेले असतील तरच त्या तुलनेला अर्थ आहे, आणि याद्यांमध्ये तसं क्वचितच असतं.

बेटांचंही तेच. सर्वाधिक बेटं म्हटलं की लोक इंडोनेशिया किंवा फिलिपिन्स म्हणतात. यादीत वर असतो स्वीडन, अडीच लाखांहून जास्त बेटांनिशी. पाण्यातून डोकं काढलेला अगदी लहान खडकही तिथे बेट म्हणून मोजला जातो. इंडोनेशियाची साडेसतरा हजारांच्या आसपासची मोजणी त्या निकषावर झालेलीच नाही. विचारायचंच असेल तर किमान क्षेत्रफळ प्रश्नात लिहा, आणि एवढी तयारी नसेल तर विषय सोडा.

पाणकावळा
+१. वाचनखूण साठवली.

कंपासपेटी
डोंगरांसाठी मात्र पक्का प्रश्न बांधता येतो. "पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत दूर असलेलं शिखर कोणत्या देशात?" उत्तर इक्वेडोर. शिखर चिंबोराझो, समुद्रसपाटीपासून ६,२६३ मीटर.

हिशेब सोपा आहे. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे. विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवांवर ६,३५७, म्हणजे २१ किमीचा फरक. एव्हरेस्ट २८ अंश उत्तरेला, तिथे समुद्रसपाटीच केंद्रापासून सुमारे ६,३७३.४ किमीवर येते. त्यात ८.८५ मिळवा : ६,३८२.३. चिंबोराझो दीड अंश दक्षिणेला, जवळजवळ फुगवट्याच्या माथ्यावर. ६,३७८.१ अधिक ६.२६ म्हणजे ६,३८४.४. दोन किमीने चिंबोराझो पुढे. पेरूचं वास्करानही एव्हरेस्टच्या पुढेच आहे, चिंबोराझोच्या अगदी थोडं मागे. त्यामुळे "दक्षिण अमेरिकेतलं उंच शिखर" एवढ्या अंदाजावर ठोकणारा फसतो, आणि अकोन्काग्वा म्हणणाराही फसतो, कारण ते पार ३२ अंश दक्षिणेला आहे.

हवाईचं मौना केआ मात्र घेऊ नका. समुद्रावर ४,२०७ मीटर आणि तळापासून १०,००० च्या वर, हे खरं. पण "तळ" कुठे धरायचा? त्या पर्वताच्या वजनाने समुद्रतळच खाली दबलेला आहे. शहाणेबुवांना मेजवानीच.

उंटावरचा_शहाणा
ताट मांडून ठेवलं होतं, तुम्हीच उचललंत. चिंबोराझो मान्य.

शून्य_रेखांश
इक्वेडोर निघालंच आहे तर : तिथल्या मितद देल मुंदो या स्मारकावर विषुववृत्ताची पिवळी रेघ आखली आहे. जीपीएस घेऊन उभं राहिलं की खरं विषुववृत्त साधारण २४० मीटर उत्तरेला निघतं.

ग्रीनिचलाही असंच. वेधशाळेच्या आवारातल्या प्रसिद्ध रेघेवर जीपीएस शून्य दाखवत नाही, शून्य येतं १०२ मीटर पूर्वेला. लोक म्हणतात जुनी मोजणी चुकली. चुकलेली नाही. ती रेघ एअरी या खगोलशास्त्रज्ञाच्या दुर्बिणीवरून ठरली, आणि त्या दुर्बिणीची उभी दिशा पाऱ्याच्या पृष्ठभागावरून ठरवली जायची. पारा स्थानिक गुरुत्वाकर्षणानुसार सपाट होतो, आणि जमिनीखालच्या खडकांची घनता असमान असल्याने ती "उभी" रेघ पृथ्वीच्या केंद्राकडे नेमकी रोखलेली नसते. उपग्रहांवर आधारित मोजणीत केंद्र हाच आधार. दोन व्याख्यांमधला कोनीय फरक पाच विकलांपेक्षा (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) थोडा जास्त, ग्रीनिचच्या अक्षांशावर त्याचे होतात १०२ मीटर.

त्यामुळे "शून्य रेखावृत्त या इमारतीतून जातं का" असं काही विचारू नका. देशांपुरतं ठेवा, तिथे १०० मीटरने काही बिघडत नाही.

रेघोटी
सीमांवर माझे तीन. तिन्हींना अटी आहेत.

एक. झांबिया, झिंबाब्वे, बोत्सवाना आणि नामिबिया एका बिंदूवर भेटतात, ही फार फिरणारी गोष्ट चुकीची आहे. झांबेझी नदीत तिथे तीन-तीन देशांचे दोन बिंदू आहेत आणि त्यांच्यामध्ये झांबिया-बोत्सवानाची सुमारे १५० मीटरची सीमा आहे. काझुंगुलाचा पूल २०२१ मध्ये सुरू झाला, ९२३ मीटर लांब आणि वळणदार. सरळ बांधला असता तर झिंबाब्वेच्या हद्दीत शिरला असता. उपग्रह चित्रात ते वळण स्पष्ट दिसतं, त्यामुळे चित्र दाखवून विचारायला हा उत्तम.

दोन. बीर तविल. इजिप्त आणि सुदान यांच्यामधला सुमारे २,०६० चौ. किमीचा तुकडा, जो दोघांनाही नको आहे. १८९९ ची सीमा २२ अंश अक्षवृत्तावर सरळ, १९०२ ची प्रशासकीय रेघ वाकडी. सरळ रेघेने हलाइब त्रिकोण इजिप्तला मिळतो आणि बीर तविल सुदानला. वाकड्या रेघेने उलट. हलाइब दसपट मोठा आणि तांबड्या समुद्राचा किनारा असलेला, म्हणून इजिप्त १८९९ वर अडून आहे आणि सुदान १९०२ वर. बीर तविलवर हक्क सांगायचा तर समोरच्याची रेघ मान्य करावी लागते, म्हणजे हलाइब सोडावा लागतो.

तीन. फ्रान्स-स्पेनमधल्या बिदासोआ नदीतलं फेझंट बेट. १ फेब्रुवारी ते ३१ जुलै स्पेनकडे, उरलेले सहा महिने फ्रान्सकडे. १६५९ चा पिरेनीजचा तह तिथेच झाला. प्रश्न विचारताना तारीख सांगायला विसरू नका, नाहीतर दोन्ही उत्तरं बरोबर.

उंटावरचा_शहाणा
बीर तविलला "कोणीही दावा न केलेली जगातली एकमेव जमीन" म्हणतात. अंटार्क्टिकातलं मेरी बर्ड लँड? त्यावरही कोणत्या देशाचा दावा नाही आणि ते याच्या कित्येकशे पट मोठं आहे.

रेघोटी
"एकमेव" मी लिहिलेलं नाही, वर जाऊन बघा. पण मुद्दा घेण्यासारखा. "अंटार्क्टिका वगळून" घालावं.

माळरान
अवांतर : सर्वाधिक कालविभाग कोणत्या देशात? रशिया म्हणाल तर चूक. फ्रान्स १२, रशिया ११.

कंपासपेटी
हे अवांतर महागात पडेल. फ्रान्सचे १२ मोजताना पॅसिफिकमधलं क्लिपर्टन बेट धरलेलं असतं (उणे ८, म्हणजे जागतिक वेळेच्या ८ तास मागे), तिथे माणूस राहत नाही. ते काढलं की ११, म्हणजे रशियाशी बरोबरी. हिंदी महासागराच्या दक्षिणेतल्या केर्गेलेन बेटांवर (अधिक ५) कायमची वस्ती नाही, फक्त संशोधक असतात. तेही काढलं तर १०. उलट अंटार्क्टिकातला फ्रान्सचा दावा धरला तर १३. अमेरिकेचेही निर्जन बेटं धरून ११ होतात. बरोबरी सोडवायला असा प्रश्न विचाराल तर संघांऐवजी परीक्षकच एकमेकांत भिडतील.

घड्याळावरच विचारायचं तर सामोआ घ्या. स्वतंत्र सामोआ जागतिक वेळेच्या १३ तास पुढे, शेजारचं अमेरिकन सामोआ ११ तास मागे. फरक बरोबर २४ तास. म्हणजे दोन्हीकडे भिंतीवरची घड्याळं अगदी सारखी, फक्त कॅलेंडरचं पान वेगळं. सामोआने २०११ मध्ये ३० डिसेंबर हा दिवसच गाळला, कारण व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी आणि आठवड्यातले कामाचे दिवस जुळत नव्हते. त्याआधी १८९२ मध्ये अमेरिकेशी जुळवून घेताना ४ जुलै दोनदा मोजला होता.

पाणकावळा
म्हणजे २०११ मध्ये त्यांनी हिशेब चुकता केला. ११९ वर्षांनी, बिनव्याजी.

माळरान
किरिबातीनेही १९९४-९५ च्या सांध्यावर असंच केलं. देश दिनांकरेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला, आठवड्यात चारच दिवस सगळीकडे एकदम कार्यालयं उघडी. मग रेषाच पूर्वेला ढकलली. आता लाइन बेटं जागतिक वेळेच्या १४ तास पुढे आहेत. परिणाम मजेदार आहे : रोज जागतिक वेळेनुसार सकाळी १० ते ११ या तासात वस्ती असलेल्या पृथ्वीवर एकाच वेळी तीन तारखा चालू असतात. मंगळवारी साडेदहा घ्या. लाइन बेटांवर बुधवारचे रात्रीचे साडेबारा, अमेरिकन सामोआत सोमवारचे रात्रीचे साडेअकरा.

तिसरा_डोळा
हे तीन तारखांचं झकास आहे.

क्षेत्रफळावर कोणी काही सुचवलं नाही म्हणून एक : ग्रीनलंड मोठं की काँगोचं लोकशाही प्रजासत्ताक? भिंतीवरचा नेहमीचा नकाशा पाहिलेला माणूस क्षणभरही न थांबता ग्रीनलंड म्हणतो. खरे आकडे : काँगो सुमारे २३.४ लाख चौ. किमी, ग्रीनलंड २१.७ लाख.

कारण मर्केटर प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची एक पद्धत, १५६९ ची, दर्यावर्दींसाठी केलेली. होकायंत्राची दिशा कायम ठेवून केलेला प्रवास त्यावर सरळ रेघ दिसतो, आणि त्याची किंमत क्षेत्रफळात मोजावी लागते. किती फुगवटा ते काढायचं तर १ भागिले अक्षांशाचा कोसाइन, आणि त्याचा वर्ग. ६० अंशावर लांबी दुप्पट, क्षेत्र चौपट. ग्रीनलंडचा मध्य ७२ अंशाच्या आसपास, म्हणजे लांबी ३.२ पट आणि क्षेत्र साधारण साडेदहा पट. काँगो विषुववृत्तावरच असल्याने तो जवळजवळ आहे तसा दिसतो. पडताळायला ऑनलाइन नकाशा गोलाच्या दृश्यात उघडा आणि ग्रीनलंड मधोमध आणा.

शून्य_रेखांश
पडताळण्यावरून : याद्यांमधून उचललेल्या गोष्टींची तारीख बघत जा. "बेटावरच्या तळ्यातल्या बेटावरच्या तळ्यातलं बेट" म्हणून फिलिपिन्समधल्या ताल ज्वालामुखीच्या विवरातलं व्हल्कन पॉइंट अजून सांगितलं जातं. २०२० च्या उद्रेकाने विवरातलं तळंच उडालं आणि ते जुनं चित्र संपलं.

भारत-बांगलादेश सीमेवरचं दहाला खाग्राबारीही तसंच : बांगलादेशाने वेढलेला भारताचा तुकडा, तो बांगलादेशाच्या तुकड्यात, तोही भारताच्या तुकड्यात. १ ऑगस्ट २०१५ पासून ही गोष्ट भूतकाळात. भारताचे १११ तुकडे बांगलादेशात गेले, बांगलादेशाचे ५१ भारतात आले. आजचा प्रश्न करायचा तर संयुक्त अरब अमिरातीतलं नहवा घ्या. ते ओमानच्या मधा नावाच्या तुकड्याच्या पोटात आहे आणि मधा पुन्हा अमिरातींनी वेढलेलं.

पाणकावळा
पनामा कोणीच काढला नाही? अटलांटिककडून पॅसिफिककडे जाणारं जहाज कालव्यातून आग्नेयेला जातं. पॅसिफिकचं तोंड अटलांटिकच्या तोंडापेक्षा पूर्वेला आहे, कारण तिथे देश आडवा पसरलेला आणि वळलेला आहे.

उंटावरचा_शहाणा
याला हरकत नाही. कंटाळा आला म्हणून नाही, खरंच नाही.

अक्षवृत्त
बरंच जमलं. पण माझा मूळ प्रश्न शिल्लकच : बरोबरी सोडवायला एक. पनामा बाद करतो, कारण दिशा दोनच, न येणाऱ्यालाही निम्मी संधी. चिंबोराझो सराव केलेल्यांना पाठ असतं. सामोआ चांगलं, पण वेळ ठरवणं सरकारच्या हातात. कायदा बदलला की उत्तर बदललं.

माळरान
मग इक्वेटोरियल गिनी. "नावातच विषुववृत्त असूनही ज्याच्या जमिनीवरून विषुववृत्त जात नाही असा देश कोणता?" मुख्य भूभाग आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, १ अंशाच्या वर. मलाबो शहर ज्या बियोको बेटावर आहे ते कॅमेरूनसमोर, साडेतीन अंश उत्तरेला. आणि अन्नोबोन नावाचं एक एकटं बेट दीड अंश दक्षिणेला. रेषा मधल्या समुद्रातून निघून जाते. गंमत म्हणजे त्याच मधल्या पट्ट्यात साओ टोमे आणि प्रिन्सिपे हा दुसराच देश आहे, आणि त्याच्या रोलास या चिमुकल्या बेटावरून विषुववृत्त खरोखर जातं.

उंटावरचा_शहाणा
त्याच्या सागरी हद्दीतून जात असेल.

रेघोटी
म्हणूनच त्यांनी "जमिनीवरून" लिहिलंय बुवा.

कंपासपेटी
अडचण वेगळीच आहे. "नावातच विषुववृत्त" म्हटलं की इक्वेडोर आणि इक्वेटोरियल गिनी एवढे दोनच उरतात, पुन्हा निम्मी संधी. नावाचा उल्लेख काढून टाका आणि उलटं विचारा : "ज्याची जमीन विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आहे, पण विषुववृत्त त्या जमिनीला कुठेच शिवत नाही, असा आफ्रिकेतला देश कोणता?" आता अंदाजाला जागा नाही. गॅबन, काँगो, युगांडा, केनिया, सोमालिया या सगळ्यांच्या जमिनीवरून रेषा जाते, त्यामुळे ती उत्तरं आपोआप चूक. "आफ्रिकेतला" हा शब्द मात्र काढू नका. तो गेला की किरिबाती आत येतो. त्याचीही बेटं दोन्ही बाजूंना आहेत.

अक्षवृत्त
हा घेतला. परीक्षकाच्या कागदावर अन्नोबोनचे अक्षांश लिहून ठेवतो, १ अंश २६ कला दक्षिण.

उंटावरचा_शहाणा
मुख्य भूभागाचेही लिहा. हरकत तिथूनच येईल.